रॉजर म्हणजे हो नव्हे

(आकाशात बोलायला शिका: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका)

ही मार्गदर्शिका तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिले, ज्यांना पायलट व्हायचं आहे. दुसरे, ज्यांना टॉवरमध्ये बसून पायलटांना ताटकळत ठेवायचं आहे. आणि तिसरे, ज्यांना यातलं काहीही व्हायचं नाही, पण खिडकीची सीट मिळाली की शेजारच्याला सगळं समजावून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. तिसऱ्यांची संख्या सर्वांत मोठी असल्याने भाषा सोपी ठेवली आहे.

साहित्य फार लागत नाही. एक पेन्सिल, मांडीवर पट्ट्याने बांधायचं एक लहानसं पॅड, आणि गप्प बसण्याची सवय. तिसरी वस्तू बाजारात मिळत नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

बटण दाबण्यापूर्वी

विमानाच्या रेडिओचं बटण दाबलं की बोलता येतं, सोडलं की ऐकू येतं. दोन्ही एकदम होत नाही. शिवाय ही लाइन तुमच्या एकट्याची नव्हे. एका फ्रीक्वेन्सीवर एक कंट्रोलर आणि दहा-पंधरा विमानं असतात आणि प्रत्येकाचं बोलणं सगळ्यांच्या कानावर पडतं. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं तर बाकीच्यांना नुसती कर्कश शिट्टी ऐकू येते. बोलणाऱ्या दोघांना मात्र आपण अगदी मुद्देसूद बोललो असंच वाटत असतं.

तेव्हा आधी ऐका. दुसऱ्या कोणाचा प्रश्न चालू असेल तर त्याचं उत्तर येईपर्यंत कळ काढा. मग काय बोलायचं ते मनाशी ठरवा, बटण दाबा, क्षणभर थांबा आणि बोला. हा क्षण नवशिके हमखास गाळतात आणि त्यांच्या वाक्याचा पहिला शब्द, म्हणजे ते कोणाला हाक मारतायत तोच, हवेत विरतो. बोलून झालं की बटण सोडलंय ना ते बघा. अडकलेलं बटण ही या धंद्यातली सर्वांत मोठी नाचक्की. सगळी फ्रीक्वेन्सी ठप्प होते आणि कंपनीच्या ड्युटी रोस्टरबद्दल तुमचं खरं मत काय आहे ते पंधरा विमानांना कळतं.

बोलण्याचा क्रम ठरलेला आहे: कोणाला हाक मारताय, तुम्ही कोण, कुठे आहात, काय हवंय. ‘तुम्ही कोण’ या प्रश्नाला आईवडिलांनी ठेवलेलं नाव सांगायचं नाही. इंडिगोचं विमान हवेत ‘आयफ्लाय’ असतं, ब्रिटिश एअरवेजचं ‘स्पीडबर्ड’, साउथ आफ्रिकनचं ‘स्प्रिंगबोक’. तुम्ही अजून शिकाऊ विमानात असाल तर शेपटीकडे रंगवलेली अक्षरंच तुमचं नाव. भारतात ती व्हीटीने सुरू होतात, म्हणजे समजा ‘व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली’. हे नाव लहान करून ‘व्हिक्टर ब्राव्हो चार्ली’ म्हणण्याची सोय आहे, पण तो मान कंट्रोलरचा. त्याने आधी लहान केल्याशिवाय आपण करायचं नाही. सलगी वरून खाली येते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात रेडिओच नव्हता. त्यांना सगळ्या वाटेत कोणी एकदाही ‘स्टँडबाय’ म्हटलं नाही. ते दिवस गेले.

अक्षरं आणि आकडे

बँकेला फोनवर नाव सांगताना आपण एम फॉर मदर, एन फॉर नागपूर असं मनाला येईल ते जोडतो आणि तरी पासबुकावर भलतंच नाव छापून येतं. आकाशात एन म्हणजे नोव्हेंबर, फक्त नोव्हेंबर. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ते झुलू ही माळ १९५६पासून जगभर चालू आहे. तिच्या स्पेलिंगमध्ये दोन मुद्दाम केलेल्या ‘चुका’ आहेत. अल्फामध्ये पी-एच नाही, सरळ एफ आहे, कारण पी-एचचा फ सगळ्याच भाषांत होत नाही. ज्युलिएटला शेवटी दोन टी आहेत, कारण एकच ठेवला तर फ्रेंच माणूस तो खाऊन टाकतो. देवनागरीत हे दोन्ही प्रश्न उद्भवतच नाहीत, पण आपल्याला कोणी विचारलं नाही.

आकड्यांची मजा वेगळीच. नियमाप्रमाणे थ्री नव्हे, ट्री. फोर नव्हे, फोवर. फाइव्ह नव्हे, फाइफ. थाउजंड नव्हे, टाउजंड. शाळेत ज्या उच्चारांसाठी इंग्रजीच्या सरांनी डस्टर फेकून मारला, ते इथे आंतरराष्ट्रीय मान्यतेचे आहेत. प्रत्यक्षात ‘ट्री’ म्हणणारे थोडेच भेटतात. ‘नाइनर’ मात्र टिकून आहे, आणि टिकायलाच हवा. खरखरणाऱ्या रेडिओवर फाइव्ह आणि नाइन सख्खे भाऊ वाटतात, आणि ‘नाइन’ ऐकून जर्मन माणसाला आपण त्याला नकार दिला असं वाटण्याची शक्यता असते.

आकडे सुटे सुटे बोलायचे. ११८.१ म्हणजे वन वन एट डेसिमल वन. अमेरिकेत पॉइंट म्हणतात. त्यांचं सगळंच वेगळं. हवेचा दाबसुद्धा ते इंचात मोजतात.

वेळ सांगायची ती झुलूची, म्हणजे ग्रीनिचची. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. मुंबईच्या नव्या पायलटाला मध्यरात्री बारानंतर तारीख बदलायची सवय असते आणि तो लॉगबुकात गोंधळ घालतो. झुलूचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो. पंचांगाचा दिवसही सूर्योदयालाच सुरू होतो, त्यामुळे हा भाग आजीला आधी समजेल.

होकाराचे प्रकार

मराठी माणूस फोनवर ‘हो हो हो’ म्हणतो, त्याचा अर्थ ऐकतोय, समजलं, पटलं, करतो किंवा आता ठेवा फोन, यांपैकी काहीही असू शकतो. आकाशात प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द आहे आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

‘रॉजर’ म्हणजे तुमचं शेवटचं बोलणं पूर्ण मिळालं. बस. पटलं असं नाही, करीन असंही नाही. ‘विल्को’ म्हणजे समजलं आणि त्याप्रमाणे करतो. ‘अफर्म’ म्हणजे हो. पूर्ण ‘अफर्मेटिव्ह’ म्हणायचं नाही, कारण सुरुवात खरखरीत गेली तर उरलेलं ‘टिव्ह’ हे ‘निगेटिव्ह’चंही शेपूट असू शकतं. ‘निगेटिव्ह’ म्हणजे नाही, किंवा परवानगी नाही, किंवा तुम्ही म्हणालात ते चूक.

आता टॉवरने विचारलं, ‘धावपट्टी दिसतेय का?’ तर ‘रॉजर’ हे उत्तर होत नाही. प्रश्न ऐकू आला एवढंच त्यातून कळतं. हिंदी सिनेमाने या शब्दाचं जे काही करून ठेवलंय त्याला तोड नाही. पडद्यावरचा पायलट हल्ला करतानाही रॉजर म्हणतो, पडतानाही रॉजर म्हणतो. ‘ओव्हर अँड आउट’ही त्याच कारखान्यातलं. ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. आउट म्हणजे माझं झालं आणि तुम्ही बोलू नका. दोन्ही एका दमात म्हणणारा माणूस दार उघडून तोंडावर आपटतो.

माझ्या मते या सगळ्या शब्दसंग्रहातला सर्वांत सुसंस्कृत शब्द ‘अनेबल’ आहे. जमणार नाही. ‘बघतो’ नाही, ‘प्रयत्न करतो’ नाही, ‘तुम्ही म्हणता तर’ नाही. कंट्रोलरने वेग इतका कमी करा म्हटलं आणि तुमचं विमान तेवढ्या हळू उडू शकत नसेल, तर एवढा एक शब्द पुरतो आणि कोणाला राग येत नाही. नवशिक्यांना तो उच्चारायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

होकार दिला तरी काम संपत नाही. महत्त्वाचं जे ऐकलं ते तसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. याला रीडबॅक म्हणतात. कंट्रोलर म्हणतो, ‘टर्न राइट हेडिंग झिरो नाइनर झिरो, डिसेंड टू थ्री थाउजंड फीट, क्यूएनएच वन झिरो झिरो सिक्स.’ तुम्ही म्हणायचं, ‘राइट हेडिंग झिरो नाइनर झिरो, डिसेंड टू थ्री थाउजंड फीट, क्यूएनएच वन झिरो झिरो सिक्स’, आणि शेवटी आपलं नाव. उजवीकडे वळा, तीन हजार फुटांवर या, आणि उंची दाखवणाऱ्या यंत्रात हवेचा दाब १००६ लावा, एवढाच मजकूर. पट्टीचा नंबर, उंची, दिशा, वेग, दाब, रडारसाठीचा चार आकडी कोड, फ्रीक्वेन्सी, हे सगळं परत म्हणायचं. इथे ‘कॉपीड’ किंवा ‘ओके सर’ म्हणून सुटका नाही. खरी गंमत पुढे आहे: तुम्ही परत म्हटलेलं कंट्रोलरने ऐकायचं असतं. तो चौथ्या विमानाला सूचना देण्याच्या घाईत तुमचं ‘टू थाउजंड’ हे ‘थ्री थाउजंड’ म्हणूनच ऐकतो, कारण त्याला तेच ऐकायची अपेक्षा असते. दुसऱ्या प्रकारच्या वाचकांनी, म्हणजे विमानतळ प्राधिकरणाची परीक्षा देऊन प्रयागराज, हैदराबाद किंवा गोंदियाला शिकायला जाणाऱ्यांनी, या वाक्याखाली रेघ मारावी.

‘निघालोय’

फोन येतो: कुठे आहेस? आपण सांगतो: निघालोय. म्हणजे चप्पल शोधतोय. फोन करणाऱ्यालाही ते माहीत असतं, म्हणून त्यानेही अजून शर्ट घातलेला नसतो आणि दोघांचं भागतं.

२७ मार्च १९७७ला कॅनरी बेटांतल्या टेनेरिफच्या लॉस रोदेओस विमानतळावर असंच एक वाक्य बोललं गेलं. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्याने मोठमोठी विमानं या लहान विमानतळावर येऊन खोळंबली होती. उभ्या विमानांनी बाजूचा रस्ता अडला होता, त्यामुळे टोकाला जायचं तर पट्टीवरूनच जावं लागत होतं. त्यात धुकं. केएलएमचं जंबो टोकाला जाऊन वळून उभं राहिलं. पॅन ॲमचं जंबो अजून त्याच पट्टीवरून येत होतं. दोघांना एकमेकं दिसत नव्हती, टॉवरला दोघंही दिसत नव्हती.

केएलएमला हवेत गेल्यावर कुठल्या वाटेने जायचं ती परवानगी मिळाली. उडण्याची परवानगी ही वेगळी गोष्ट असते आणि ती मिळालेली नव्हती, पण वाटेच्या परवानगीतही ‘टेकऑफनंतर’ असा शब्द होता. सहवैमानिकाने ती वाचून दाखवली आणि शेवटी जोडलं, ‘वुई आर नाउ ॲट टेकऑफ.’ विमान तेव्हा हललेलंच होतं. कंट्रोलरने अर्थ घेतला, टेकऑफच्या जागी उभे आहोत. तो म्हणाला, ‘ओके’, आणि जरा थांबून, टेकऑफसाठी थांबा, मी सांगतो. नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमने बटण दाबून आम्ही अजून पट्टीवरच आहोत असं सांगितलं. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ स्वच्छ ऐकू आलं आणि पुढे शिट्टी. ५८३ माणसं गेली.

त्यानंतरचा नियम नवशिक्यांनी तोंडपाठ करावा. ‘टेकऑफ’ हा शब्द फक्त दोन वेळा उच्चारायचा: उडण्याची प्रत्यक्ष परवानगी देता-घेताना, आणि दिलेली परवानगी रद्द करताना. बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’. डिपार्चरसाठी तयार, डिपार्चरनंतर डावीकडे, डिपार्चरला उशीर. गप्पांच्या ओघातही टेकऑफ म्हणू नका. पट्टीवर उभं राहायचं असेल तर ‘लाइन अप अँड वेट’ असं स्वतंत्र वाक्य आहे, आणि त्यात उडण्याचा वासही नाही.

टू आणि टू

आकड्यांच्या मागे ‘टू’ हा शब्द आला की कान टवकारावे. १९ फेब्रुवारी १९८९ला सिंगापूरहून क्वालालंपूरला येणाऱ्या फ्लाइंग टायगरच्या मालवाहू जंबोला सांगितलं गेलं, ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो.’ म्हणायचं होतं २,४०० फूट. ऐकलं गेलं ‘...पर्यंत ४००’. पायलटने परत म्हटलं, ‘ओके, फोर झिरो झिरो’, आणि तेही कोणाला खटकलं नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघे गेले. आता पूर्ण हजार-शेकड्यांत आणि ‘फीट’ जोडून सांगायचं. कंटाळवाणं वाटतं. वाटू द्या.

आपल्या घराजवळचं उदाहरण चरखी दादरीचं. १२ नोव्हेंबर १९९६च्या संध्याकाळी सौदियाचं जंबो दिल्लीहून निघून वर चढत होतं, त्याला १४,००० फुटांपर्यंत परवानगी होती. कझाकस्तानचं इल्यूशिन दिल्लीकडे उतरत होतं, त्याला १५,०००वर थांबायचं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट एकच. कझाक विमानात टॉवरशी बोलण्याचं काम एका वेगळ्या रेडिओ ऑपरेटरकडे होतं, त्याच्यासमोर स्वतःचं उंची दाखवणारं यंत्र नव्हतं आणि इंग्रजीची बोंब होती. विमान १५,०००च्या खाली गेलं. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर उंची दिसत नसे, म्हणजे कंट्रोलरला जे सांगितलं जाईल तेच खरं मानणं भाग होतं. ३४९ माणसं. चौकशीनंतर येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि टक्कर टाळणारं यंत्र विमानात सक्तीचं झालं.

इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेमागेही अशाच घटना आहेत. पायलट आणि कंट्रोलर दोघांनाही किमान चौथी पातळी लागते, दर तीन वर्षांनी पुन्हा तपासतात. सहावी पातळी मिळाली की जन्माची. शेक्सपिअर विचारत नाहीत. इंजिनातून धूर येतोय, प्रवासी बेशुद्ध आहे, पट्टीवर कुत्रा आहे, हे घाईत आणि समोरच्याला कळेल असं सांगता आलं पाहिजे.

थांबण्याचं शास्त्र

मुंबईच्या आकाशात बोलायचं तर निम्मा शब्दसंग्रह थांबण्याचा आहे. सांताक्रूझला पट्ट्या दोन आहेत, ०९-२७ आणि १४-३२, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच काम चालतं. त्या एकीवर दिवसाला नऊशेच्या घरात विमानं. पट्टीचे आकडे नशिबाचे नसतात. होकायंत्रातली दिशा घेऊन शेवटचं शून्य काढलेलं असतं. ०९ म्हणजे पूर्वेकडे तोंड, २७ म्हणजे पश्चिमेकडे. पट्टी तीच.

‘स्टँडबाय’ म्हणजे थांबा, मी बोलावतो. तो होकार नाही, नकारही नाही. किती वेळ, ते विचारू नये; विचारलं तर उत्तर ‘स्टँडबाय’ येतं. ‘होल्ड शॉर्ट’ म्हणजे पट्टीच्या अलीकडे थांबा, आणि हे न चुकता परत म्हणून दाखवा. ‘यू आर नंबर सेव्हन’ म्हणजे तुमच्या आधी सहा आहेत, तुमच्यापैकी कोणाचंही महत्त्वाचं काम असलं तरी. हवेत असाल तर ‘होल्ड’ म्हणजे लंबगोलात घिरट्या. साधारणपणे उजवीकडे वळत, सरळ भाग एकेक मिनिटाचा, एक फेरी चार मिनिटांची. पावसाळ्यात खिडकीतून समुद्र, मग ढग, मग पुन्हा तोच समुद्र दिसू लागला की तिसऱ्या प्रकारच्या वाचकाने घड्याळ लावून शेजाऱ्याला चकित करावं.

या भागातलं माझं आवडतं वाक्य अटीच्या परवानगीचं आहे: ‘बिहाइंड द लँडिंग एअरबस ऑन शॉर्ट फायनल, लाइन अप अँड वेट बिहाइंड.’ उतरणाऱ्या एअरबसच्या मागून पट्टीवर या, मागून. ‘बिहाइंड’ दोनदा का? कारण पहिलं ऐकायचं राहून गेलं तर उरलेलं वाक्य म्हणजे सरळ पट्टीवर या. तेव्हा शेवटी पुन्हा एकदा. व्याकरणाच्या सरांना हे पटणार नाही, पण ते पट्टीच्या तोंडाशी उभे नसतात. परत म्हणतानाही दोन्ही ‘बिहाइंड’ म्हणायचे, आणि एअरबस कुठली ते डोळ्यांनी बघायचं.

डोळ्यांचाही फार भरवसा धरू नका. जुहूची पट्टी ०८ आहे, सांताक्रूझची ०९. दोन्ही पूर्व-पश्चिम आणि हाकेच्या अंतरावर. २४ सप्टेंबर १९७२ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. लहान पट्टीत ते मावलं नाही, टोकावरून पुढे गेलं. जीव कोणाचा गेला नाही, विमान मात्र कामातून गेलं. ‘रनवे इन साइट’ म्हणण्यापूर्वी कुठला रनवे, एवढं स्वतःला विचारा.

भीड

भीड भिकेची बहीण, असं म्हणतात. रेडिओवर तिचा हिशेब जास्त कडक आहे.

२५ जानेवारी १९९०ला कोलंबियाहून आलेलं आव्हियांकाचं विमान खराब हवेत न्यूयॉर्कबाहेर तीन ठिकाणी मिळून सव्वा तासाहून अधिक घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आलं होतं. सहवैमानिकाने ‘प्रायॉरिटी’ मागितली. उतरण्याचा एक प्रयत्न फसल्यावर इंधन संपतंय असंही सांगितलं, पण इतर बोलण्याच्या ओघात, शांत आवाजात. त्या रात्री सगळ्यांचंच इंधन कमी होतं आणि कंट्रोलरच्या कानाला हे आणखी एक गाऱ्हाणं वाटलं. जो शब्द ऐकल्यावर कंट्रोलर हातातलं सगळं सोडतो, तो कोणी उच्चारला नाही. इंजिनं एकामागून एक बंद पडली. विमानातल्या १५८ जणांपैकी ७३ गेले.

तो शब्द ‘मेडे’, तीनदा. मग तुम्ही कोण, काय झालंय, काय करणार, कुठे आहात, किती उंचीवर, किती माणसं. माणसं मोजताना ‘सोल्स ऑन बोर्ड’ म्हणतात, म्हणजे मांडीवरचं तान्हं मूल आणि कर्मचारीही धरायचे. एवढी निकड नसेल पण प्रकरण गंभीर असेल, तर ‘पॅन-पॅन’, तेही तीनदा. इंधनासाठी आता वेगळ्या पायऱ्या आहेत. ‘मिनिमम फ्यूएल’ म्हणजे आणखी उशीर झाला तर पंचाईत आहे. ‘मेडे फ्यूएल’ म्हणजे झाली. ‘जरा लवकर जमलं तर बघा’ अशी पायरी नाही.

बोलणंच शक्य नसेल तर रडारच्या कोडने सांगायचं. ७७०० म्हणजे संकट, ७६०० म्हणजे रेडिओ बंद, ७५०० म्हणजे अपहरण. या कोडमध्ये आठ आणि नऊ हे आकडे नसतातच, त्यामुळे कोणी तुम्हाला ‘७८९० लावा’ म्हटलं तर तो कंट्रोलर नाही. कोड बदलताना मात्र जपून. एकेक आकडा फिरवत जाताना सहज म्हणून ७५००वर थांबलात, तर उतरल्यावर तुमचं स्वागत करायला अपेक्षेपेक्षा बरीच मंडळी आलेली असतील.

निरोप

एका कंट्रोलरची हद्द संपली की तो तुम्हाला पुढच्याकडे सोपवतो. ‘कॉन्टॅक्ट’ म्हटलं तर नव्या फ्रीक्वेन्सीवर जाऊन हाक मारायची. ‘मॉनिटर’ म्हटलं तर जाऊन नुसतं ऐकत बसायचं, तोच हाक मारेल. दोन्हींत नवशिके गल्लत करतात आणि ‘मॉनिटर’वर उत्साहाने स्वतःची ओळख करून देतात.

पुस्तकाप्रमाणे इथे सौजन्याला जागा नाही, वेळ जातो. प्रत्यक्षात मात्र निरोपाच्या वेळी एखादा शब्द निसटतोच. पुण्याला आणि दाबोळीला तर प्रवासी विमानांशी बोलणारे कंट्रोलर हवाई दलाचे आणि नौदलाचे, तिथे ‘जय हिंद’ झडतं. मुंबईत ‘गुड डे’ही चालतं आणि ‘नमस्कार’ही, आणि परदेशी पायलट जीभ वळवून ‘नमस्ते’ म्हणतात ते ऐकायला बरं वाटतं. माझा त्याला आक्षेप नाही, फक्त ते सगळ्यात शेवटी यावं, आकडे परत म्हणून झाल्यावर.

नव्या फ्रीक्वेन्सीवर तुम्ही दोनदा हाक मारली आणि कोणीच ओ दिली नाही, तर घाबरून जाऊ नका आणि टॉवरमधली माणसं झोपलीत असा निष्कर्षही काढू नका. बहुधा आकडा चुकलाय. जुन्या फ्रीक्वेन्सीवर परत जा आणि ‘से अगेन’ म्हणा. जुना कंट्रोलर काही विचारणार नाही. आकडा पुन्हा सांगेल, या खेपेला एकेक अंक सुटा करून.